बायजाबाई शिंदे : छावणींतील आजी

राजस्त्रियांच्या चरित्रांत त्या आजी झाल्या ही गोष्ट बहुधा वंशावळीच्या कोष्टकांतच सांपडते. जन्म, विवाह, वैधव्य, दत्तविधान आणि कारभार एवढे टप्पे चरित्रकार मोठ्या आस्थेनें मोजतो; कारभार हातांतून गेला कीं त्याची लेखणीही थकते. पदच्युत झालेल्या राणीनें पुढें वीस-तीस वर्षें काय केलें, तिच्या दारीं कोण येत-जात असे, नातवंडांस तिनें काय शिकविलें, हें विचारण्याची आपल्या इतिहासलेखकांस फारशी संवय नाहीं. ग्वाल्हेरच्या महाराणी बायजाबाई शिंदे यांच्या बाबतींत हा अन्याय विशेष जाणवतो. त्या एकुणऐंशीं वर्षें जगल्या, आणि राज्याचा अधिकार त्यांच्या हातीं राहिला तो अवघा सहा वर्षें. त्या सहा वर्षांपुरते कंपनी सरकारच्या दप्तरांत कागदांचे गठ्ठे आहेत. पुढील तीस वर्षांविषयीं आम्हांस दोन साक्षीदार मोलाचे वाटतात : एक इंग्रज मडम, आणि दुसरा आमच्या कोंकणांतील कर्जबाजारी भिक्षुक. पहिलीनें बाईंस डोळ्यांनीं पाहिलें आणि दुसरा त्यांचें केवळ नांव ऐकून घर सोडून निघाला. सरकारी कागदांतील कारस्थानी राणीपेक्षां या दोघांच्या लेखांतील बाई निराळी आहे, आणि तिची ओळख करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतु.

पूर्वायुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. बायजाबाईंचा जन्म १७८४ सालीं, माहेर कागलकर घाटग्यांचें. वडील सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे. हें नांव पुणेकरांनीं पुढें कित्येक वर्षें सुखानें घेतलें नाहीं. १७९८ सालीं पुण्यास दौलतराव शिंद्यांशीं या चौदा वर्षांच्या मुलीचें लग्न झालें, सर्जेराव जांवयाचे दिवाण झाले, आणि फौजेच्या थकलेल्या पगारासाठीं त्यांनीं शहरांतील सावकार, मुत्सद्दी व सामान्य गृहस्थ यांचा जो छळ मांडला त्याच्या कथा पेशवाईच्या उतरत्या काळाच्या इतिहासांत कोणासही वाचावयास मिळतील. ज्या लग्नाचें देणें पुण्यानें फेडलें त्या लग्नांतील ही नवरी. बापाच्या पापाचा हिशेब लेकीच्या नांवावर मांडणें न्यायाचें नव्हे. परंतु बाईंकडे संशयानें पाहण्याची जी रीत पडली तिचें मूळ पुष्कळ अंशीं येथें आहे, असें आमचें मत आहे.

पुढें १८०३ चें युद्ध झालें, असईस पराभव झाला, आणि दक्षिणेंतील शिंद्यांचें वर्चस्व संपलें. दौलतरावांनीं ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं तळ दिला. तो तळ कधीं उठलाच नाहीं. त्याचेंच शहर झालें आणि त्यास 'लष्कर' हेंच नांव राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. शिंद्यांची राजधानी ही मुळांत स्थिरावलेली छावणी होती. तेव्हां या घरच्या स्त्रियांस तंबूंतला संसार म्हणजे कांहीं आपत्ति वाटत नसे.

मार्च १८२७ मध्यें दौलतराव निपुत्रिक वारले. त्या वेळीं बाई त्रेचाळीस वर्षांच्या. जूनमध्यें शिंद्यांच्या भाऊबंदांतील मुकुटराव नांवाचा सुमारें अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव जनकोजी ठेविलें आणि कारभार बाईंनीं आपल्या हातीं घेतला. त्यांस हिशेब कळे, सावकारी कळे, हुंडीचा व्यवहार कळे. आणि राज्यकर्त्या पुरुषांपैकीं फार थोड्यांस या तिन्ही गोष्टी एकदम कळत. धर्मकृत्यांतही त्यांचा हात मोठा होता. काशींत ज्ञानवापीच्या विहिरीवर खांबांचा मंडप त्यांनीं १८२८ च्या सुमारास उभारिला. गंगेवर शिंदे घाट बांधविला. उज्जयिनीचें गोपाळमंदिरही त्यांचेंच.

परंतु एक गोष्ट त्यांस साधली नाहीं. मूल वाढतें हें त्यांनीं मानिलें नाहीं. जनकोजी वयांत येऊं लागले तरी बाई लगाम ढिला करीनात. पतीच्या इच्छेप्रमाणें आपण तहहयात कारभार करावयाचा, अशी त्यांची समजूत होती; आपण राज्याचे धनी आहों, अशी मुलाची होती. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें असल्यामुळेंच तें भांडण मिटेना. अखेर जुलै १८३३ मध्यें पलटणी जनकोजींकडे वळल्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांच्या सरकारनें जनकोजींस मान्यता दिली, आणि बाईंस ग्वाल्हेर सोडावें लागलें. धौलपूर, आग्रा असे मुक्काम करीत त्या गंगेच्या कांठीं फरुकाबादेजवळ फत्तेगडास येऊन राहिल्या. चरित्रकारांचा रस बहुधा येथें आटतो. आमचा येथूनच सुरू होतो.

फत्तेगडच्या छावणींत १८३५ च्या एप्रिलांत फॅनी पार्क्स नांवाची मडम बाईंच्या भेटीस गेली. तिचा नवरा प्रयागास कंपनीच्या जकातखात्यांत नोकर होता. मोठी चौकस, हिंडती, थोडी हट्टी आणि विलक्षण डोळस अशी ही बाई. हिंदुस्थानांतील प्रवासाचें तिचें दोन खंडांचें पुस्तक १८५० सालीं लंडनास प्रसिद्ध झालें. त्या काळच्या बहुतेक मडमा जनानखान्यांत तासभर बसून, अत्तर-विडा घेऊन, बाहेर आल्यावर नाक मुरडीत. पार्क्स मडम पुन्हा गेली, पुन्हा गेली, आणि जातच राहिली.

तिनें काढलेलें बाईंचें शब्दचित्र मोठें वेधक आहे. केस पिकलेले, अंग स्थूलसर, हात-पाय लहान व सुरेख, अंगावर विधवेचा साधा वेष, हातांत बारीक सोन्याच्या कांकणांखेरीज अलंकार नाहींत. आणि हंसणें फार गोड. वागण्यांत एक प्रकारचा मोकळेपणा आणि स्वातंत्र्य, जें तिला इतर जनान्यांत आढळलें नव्हतें. मडमेनें त्यांस वृद्धच ठरविलें आहे. त्या वेळीं बाईंचें वय एक्कावन्न! पण तेव्हां एक्कावन्नाव्या वर्षीं स्त्री म्हातारी होत असे, आणि राज्य गमावलेली स्त्री त्याहून थोडी लौकर.

बाईंच्या जवळ त्यांची नात होती. गजराजासाहेब असें तिचें नांव. तरुण, शेलाटी, दागदागिन्यांनीं व जरीच्या वस्त्रांनीं मढलेली ही मुलगी आजीच्या पांढऱ्या केंसांशेजारीं बसलेली मडमेनें पाहिली, आणि त्या दोघींचें एकमेकींवरील प्रेम तिच्या लेखांत ठिकठिकाणीं दिसतें. नातीची ख्याति मात्र दागिन्यांकरितां नव्हती, घोड्यावरील मांडीकरितां होती. मराठ्यांच्या बायकांस घोडा नवा नव्हता. वेलस्लीशीं झालेल्या लढाईच्या दिवसांत बाईसाहेब स्वतः भाला घेऊन घोड्यावरून सैन्याबरोबर होत्या, असें छावणींत सांगत. आजीनें ही विद्या नातीच्या हातीं दिली होती. राज्य द्यावयास उरलें नव्हतें; बैठक देतां येत होती.

एके दिवशीं गोष्ट निघाली कीं, इंग्रज बायका घोड्यावर बसतात तरी कशा? दोन्ही पाय एकाच अंगाला टाकून, असें पार्क्स मडमेनें सांगितलें, तें कोणास खरें वाटेना. तेव्हां तिनें तसें खोगीर चढवून बसून दाखविलें. मराठ्यांच्या बायकांची हंसतां हंसतां पुरेवाट झाली असावी. अर्धा देह घोड्यावर आणि अर्धा हवेंत, अशी ती वांकडी बैठक पाहून त्यांस ती स्त्री केव्हां पडेल याचीच काळजी! मग पाळी उलटली. मडमेस मराठी लुगडें नेसवून, मांड टाकून, मराठी घोड्यावर बसविलें. नऊवारी लुगड्याच्या कासोट्याचा उपयोग पुरुष लेखकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. येथें तो एका परदेशी स्त्रीच्या ध्यानांत आला. अशा बैठकींत किती सुख आणि किती निर्धास्तपणा आहे हें कळल्यावर, स्त्रियांची जुनी बैठक बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीच्या अकलेविषयीं तिनें जो शेरा मारिला आहे तो मुळांतूनच वाचण्यासारखा आहे.

हा प्रसंग करमणुकीचा खरा. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यांत आणखी कांहीं दिसतें. त्या काळीं इंग्रज हा शिकविणारा आणि हिंदी माणूस हा शिकणारा, ही वांटणी कायमची ठरूं लागली होती. मेकॉलेचें शिक्षणविषयक टिपण त्याच वर्षाच्या फेब्रुवारींतलें. आणि त्याच वर्षीं फत्तेगडास, सिंहासनावरून उतरविलेली एक मराठी आजी, एका इंग्रज स्त्रीला घोड्यावर नीट कसें बसावें हें शिकवीत होती. कोणताही अभिनिवेश न धरतां, घरच्या मुलीस शिकवावें तसें.

या भेटींतील संभाषण नेहमींच हंसण्या-खेळण्याचें नसे. पावसाळ्यांत झाडांना झोपाळे बांधीत, गोकुळाष्टमीसारखे सण होत, आणि त्यांत पाहुणीला घरच्यासारखें वागवीत. परंतु एके वेळीं दोघी स्त्रियांच्या स्थितीविषयीं बोलत बसल्या. विधवेचें जिणें कसें असतें तें बाईंस सांगावयास नको होतें. त्या तें जगत होत्या. पार्क्स मडमेनें आपल्या देशाचें सांगितलें : विवाहित स्त्री तिकडे कायद्यानें नवऱ्याची जणूं दासीच. तें अक्षरशः खरें होतें. इंग्लंडांत लग्न झालेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा स्वतःचा हक्क मान्य करणारे कायदे १८७० व १८८२ सालीं झाले. म्हणजे १८३५ मध्यें, ज्या बाईंचें राज्य इंग्रजांनीं दुसऱ्याचें मानिलें होतें त्या बाई आपल्या खजिन्याच्या तरी धनीण होत्या. आणि ज्या स्त्रीच्या जातभाईंनीं तें ठरविलें होतें तिचें स्वतःच्या पेटींतील पैशांवरही कायद्यानें स्वामित्व नव्हतें. सती बंद करणारा नियम बेंटिंकच्याच कारकीर्दींत १८२९ च्या डिसेंबरांत झाला होता. त्याबद्दल त्याचा यथायोग्य गौरव होतो. परंतु एकीचें दुःख दुसरीनें ऐकून घेण्याची ही छावणींतील बैठक कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेली नाहीं.

या स्नेहांत राजकारण मुळींच नव्हतें असें म्हणणें भोळेपणाचें होईल. साहेबलोकांच्या बायकांशीं ओळख असलेली बरी, हें न कळण्याइतक्या बाई साध्या नव्हत्या. तथापि जकातखात्यांतील नोकराची बायको त्यांस काय मिळवून देणार होती? पुढें बाईंचा मुक्काम प्रयागास झाला तेव्हांही ही मैत्री तशीच चालू राहिली. आमच्या मतें बाईंस माणसांची भूक होती. ज्यांस माणसें लागतात ते त्यांचा उपयोग मागाहून शोधतात. बाई या जातीच्या होत्या.

प्रयागाहून पुढें त्या दक्षिणेंत आल्या व कांहीं काळ नाशिकास राहिल्या. इकडे ग्वाल्हेरीस फेब्रुवारी १८४३ मध्यें जनकोजी निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा पत्नी ताराबाई यांनीं एक लहान मुलगा दत्तक घेतला. हेच जयाजीराव शिंदे. वर्ष संपण्यापूर्वीं महाराजपूर व पनिहार येथें शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनीं पराभव केला. आतां पहा : ज्या दत्तक मुलानें बाईंस घालविलें त्याचाच दत्तक पुत्र गादीवर बसल्यामुळें बाई राजाच्या आजी झाल्या. नातें रक्ताचें नव्हे, दोन दत्तविधानांचें. परंतु मुलाशीं जुळलें नाहीं तें नातवाच्या अमदानींत जुळलें. बाई पुन्हा शिंद्यांच्या मुलुखांत आल्या, उज्जयिनीस राहिल्या, आणि अखेरचीं वर्षें त्यांनीं ग्वाल्हेरीस काढिलीं. मुलाच्या घरांत जिला जागा नव्हती तिला नातवाच्या घरांत मिळाली, ही गोष्ट सामान्य घरांतही घडते. फरक इतकाच कीं, येथें मध्यें दहा वर्षांचें निर्वासन आणि दोन लढाया होत्या.

दुसरा साक्षीदार याच काळांतला. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास' कोणत्या मराठी वाचकानें वाचलें नाहीं? सत्तावन्नच्या धामधुमीची, झांशीच्या वेढ्याची हकीकत म्हणून आपण तें वाचतों आणि आरंभ विसरतों. आरंभ बायजाबाईंचा आहे. बाई मथुरेस मोठा यज्ञ करणार, त्यांत सात-आठ लक्ष रुपये खर्च होणार, अशी वार्ता कोंकणांत आली. घरचें कर्ज कसें फिटावें या विवंचनेंत असलेले विष्णुभट चुलत्यास बरोबर घेऊन १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. वाटेंत महूच्या आसपास शिपायांच्या तोंडून पुढें काय होणार याची कुणकुण त्यांस लागली. आमचे भटजी निघाले होते दक्षिणेसाठीं, आणि जाऊन पडले इतिहासांत. मथुरेचा यज्ञ बंडामुळें राहिला. विष्णुभटांनीं आपली हकीकत १८८३ च्या सुमारास लिहिली व चिंतामणराव वैद्य यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली.

वरसई आणि मथुरा यांमधील अंतर पहा, आणि त्या काळीं आगगाडी नव्हती हें स्मरा. एका त्र्याहत्तर वर्षांच्या स्त्रीचें नांव इतक्या दूरच्या खेड्यांतील दरिद्री घराच्या ओटीवर आशेचें म्हणून उच्चारलें जात होतें. तिच्या हातीं राज्य नव्हतें, फौज नव्हती. औदार्याचा लौकिक मात्र होता, आणि तो तिनें पन्नास वर्षें राखिला होता. या औदार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यज्ञ, दक्षिणा, घाट, मंडप या सर्वांचा पैसा अखेर माळव्यांतील कुणब्याच्या शेतांतून आलेला. ज्याच्या घामाचा तो, त्याचें नांव कोणत्याही मंडपावर कोरलेलें नाहीं, आणि त्यानें कोठलें प्रवासवर्णनही लिहून ठेविलें नाहीं. आजीबाईंच्या हातची मिठाई खातांना ती कोणाच्या घरच्या गुळाची आहे हें नातवंडें विचारीत नसतात. इतिहासकारानें मात्र विचारावें.

बाईंची खरी परीक्षा यापुढें झाली. १८५८ च्या जूनच्या आरंभीं रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व झांशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरवर चालून आल्या. जयाजीरावांची बरीचशी फौज त्यांस जाऊन मिळाली, आणि तेवीस-चोवीस वर्षांचे महाराज आग्र्याकडे पळाले. बाई वाड्यांतील स्त्रियांस घेऊन नरवरास गेल्या. रावसाहेबांनीं त्यांस पत्र लिहिलें : इकडे सर्व कुशल आहे, आपण जाणें योग्य नव्हतें, परत यावें. बाईंच्या तारुण्यांत जो बाजीराव पेशव्यांच्या गादीवर होता त्याच्याच दत्तक घराण्यांतून आलेलें हें पत्र. बाईंनीं तें इंग्रजांकडे पाठवून दिलें.

या कृत्याबद्दल बाईंस दोष देणारे देतात, आणि त्यांचा दोष आम्ही पुसून टाकूं इच्छीत नाहीं. ज्या सरकारनें बाईंस पंचवीस वर्षांपूर्वीं घराबाहेर काढलें त्याच्याच हातीं त्यांनीं पेशव्यांचें पत्र दिलें. झांशीची राणी त्याच महिन्यांत ग्वाल्हेरजवळ लढतां लढतां पडली. तिच्या तेजापुढें हें कृत्य फिकें दिसणारच. परंतु नरवरच्या त्या मुक्कामांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या स्त्रीपुढें जो प्रश्न होता तो आपल्या प्रश्नाहून निराळा होता. त्यांच्याबरोबर घरांतील बायका-मुलें होतीं. नातू आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयास. त्या पत्राला होकार देणें म्हणजे नातवाची गादी आपल्या हातानें उलथून टाकणें. एकदां त्यांनीं मुलाच्या आणि गादीच्या मध्यें स्वतःस उभें केलें होतें, आणि त्याचें फळ भोगलें होतें. या खेपेस त्या बाजूस सरल्या. राष्ट्राच्या हिशेबांत ही बाकी उणी निघते. घराच्या हिशेबांत ती जमेस आहे. दोन्ही वह्या एकाच बाईच्या आहेत, त्यांतील एक फाडून चरित्र लिहितां येत नाहीं. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं १९०२ सालीं मराठींत बाईंचें चरित्र लिहून पहिली वही पुष्कळ व्यवस्थित लाविली. दुसरीचीं पानें अजून सुटींच आहेत.

बंड शमल्यावर जयाजीराव परत आले, आणि बाईही ग्वाल्हेरीस आल्या. तेथेंच १८६३ सालीं त्यांचा अंत झाला. पुण्यांतल्या लग्नापासून पांसष्ट वर्षें झालीं होतीं. त्या लग्नाच्या वेळचे पेशवे, त्यांचें राज्य, ज्या कंपनीनें तें घेतलें ती कंपनी, आणि कंपनीचे लाडके दिल्लीचे बादशहा, हीं सगळीं बाईंच्या आधीं गेलीं होतीं. काशींतील त्यांचा शिंदे घाट मात्र बाईंच्या हयातींतच, स्वतःच्याच दगडांच्या भारानें, गंगेच्या वाळूंत खचूं लागला होता. पार्क्स मडमेनें तोही पाहून लिहून ठेविला आहे.